सीटवरची गादी

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता एक पत्र्याचा डबा मनात आणा, तुमच्या कमरेइतका उंच. त्यात खाणावळीतल्या सगळ्या ताटांतलं उरलंसुरलं टाका. भात टाका, चोखून थुंकलेली हाडं टाका, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा, तोंड पुसून चुरगाळलेले कागद, आणि वरून भांडी विसळलेलं पाणी ओता. झाकण लावा. तो डबा उन्हात ठेवून द्या आणि दुपार कलेपर्यंत विसरून जा. विसरलात? आता उघडा झाकण.

नाक धरू नका. नाक धरलंत तर पुढची गोष्ट तुम्हाला कळायची नाही.

असले दोन डबे रोज सायकलवरून एका घरी यायचे. घर गावाबाहेर, कालव्याच्या पलीकडे. पुढं दोन खोल्या, मागं डुकरांचा गोठा. सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे होते, त्यांत एकेक डबा लटकायचा. ती सायकल चालवणाऱ्या माणसाला सगळं गाव खरकट्या म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि तोही ओ द्यायचा.

त्याला एक मुलगी होती. तिच्या नाकाचा शेंडा जरा वर उचललेला होता आणि नाकपुड्या कायम आक्रसलेल्या. घरात तिला नाकमुरडी म्हणत. डबे यायची वेळ झाली की ती घराच्या पुढच्या बाजूला जाऊन बसायची. जेवताना भातात रस्सा कालवायची नाही. कोरडा भात आधी खायची, मग रस्सा पिऊन टाकायची. कालवला की तो डब्यातल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं.

"ज्याच्यावर घर चालतं त्यालाच नाक मुरडतेस होय गं?" आई विचारायची.

"मी घराला नाही मुरडत, वासाला मुरडते."

"आणि हा वास घरात नसता तर तुझ्या अंगात फ्रॉक असता का?"

"फ्रॉकलाही तोच वास येतो," नाकमुरडी म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. शाळेत तिच्या शेजारची मुलगी बाकाच्या पार टोकाला बसायची, इतकी की अर्धी बाहेर लोंबायची.

त्या उन्हाळ्यात कोंडा मिळेनासा झाला. गिरणीवाल्यानं हात वर केले. डुकरांचं सगळं पोट त्या दोन डब्यांवर आलं. त्यातच मोठी डुकरीण गाभण होती, आणि भूक लागली की ती गोठ्याच्या फळ्या दातांनी सोलायची.

आणि नेमकी तेव्हाच बाबांची कंबर गेली.

खाणावळीच्या मागच्या अंगणात कायम चिखल असायचा. तोही साधा नाही, तेलकट आणि बुळबुळीत. बाबांनी भरलेला डबा उचलला, सायकलीकडे वळायला म्हणून अंग पिळलं आणि पाय सरकला. डबा सोडून दिला असता तर काही झालं नसतं. पण डबा सांडला की आचारी आईबहिणीचा उद्धार करतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डबा छातीशी कवटाळला. डबा वाचला, कंबर वाचली नाही.

ते सायकल ढकलत घरी आले तेव्हा अंधार पडत होता. धडधाकट माणूस चालावा तसे ते चालतच नव्हते. वरचं अंग एकीकडे, खालचं अंग दुसरीकडे, जणू दोन वेगळ्या माणसांना मधे शिवलंय. ओट्याजवळ आले आणि तिथंच आडवे झाले.

पुढचे दिवस घाणेरडे गेले. उन्हानं पत्रा तापायचा आणि बाबा जमिनीवर पाठ टेकून पडायचे. कूस बदलताना तोंडातून असा आवाज काढायचे की गोठ्यातलं डुक्कर थबकून ऐकायचं. आई त्यांना बगलेत धरून परसाकडे न्यायची. एकदा तिथपर्यंत पोचेपर्यंत उशीर झाला. आईनं पाणी तापत ठेवलं. नाकमुरडीनं बादली आणून दिली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

"जा तू बाहेर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "हे बघायचं नसतं पोरांनी."

ती बाहेर गेली. बाहेर डबे होते.

आईला सायकल चालवता येत नव्हती. ती रिकामे डबे लटकवून सायकल ढकलत जायची आणि भरलेले ढकलत आणायची. जाता-येता ऊन डोक्यावर असायचं. घरी पोचेपर्यंत खरकट्याला फेस यायचा. झाकणाच्या कडेनं तो फेस बुडबुडे सोडत बाहेर यायचा, आणि माश्या त्यावर इतक्या दाटीनं बसायच्या की डबा काळा दिसायचा. आंबट वासानं डोळ्यांत पाणी यायचं. डुकरं तेही खायची. दोन पिल्लांना हगवण लागली, आणि मग गोठ्याचं काय झालं ते मी सांगत नाही. तुम्हाला जेवायचं असेल अजून.

एका संध्याकाळी आई आली ती धापा टाकत.

"आचारी म्हणाला, उद्यापासून दुपारची भांडी होईपर्यंत सायकल आली तर आली. नाही तर खरकटं टेम्पोवाल्याचं. एक दिवसाचं नव्हे, कायमचं."

टेम्पोवाल्याची डुकरं नव्हती, डुकरांचा कारखानाच होता. रस्त्यावरच्या सगळ्या खाणावळी त्यानं एकेक करून घेतल्या होत्या. ही एवढीच उरली होती.

"मग ही खातील काय?" बाबा गोठ्याकडे बघत म्हणाले.

मोठी डुकरीण फळी सोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा नाकमुरडीच्या खांद्याला धरून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पालथं पाडून कंबर दाबली, उताणं करून एकेक पाय सरळ वर उचलला.

"कळ पायात उतरते?"

"नाही. तिथंच बसते, मालकासारखी."

बाई हसल्या. "मग बरंय. स्नायू दुखावलाय, हाड शाबूत आहे. पडून राहू नका, पडून राहिलात तर आखडेल. चाला. सायकलसुद्धा चालवा. फक्त पाठ ताणली जाणार नाही असं बसा, मधूनमधून उतरून कंबर सरळ करा. आणि वाकून ओझं उचलायचं नाही. अजिबात नाही. ऐकताय ना?"

"ऐकतोय की."

पण बाबा घरी घेऊन आले ते एवढंच, की डॉक्टरीण म्हणाली सायकल चालवा. बाकीचं दवाखान्याच्या पायरीवरच राहिलं.

"कंबर ही अशी, सायकलवर बसायचं कसं?" आईनं विचारलं.

"मऊ बसायचं," शेजारचा म्हातारा कुंपणावरून म्हणाला. त्याला प्रत्येक दुखण्यावर मऊ हाच उपाय माहीत होता. "ती सीट बघ कशी आहे, दगड नुसता! दगडावर बसून कंबर बरी होते काय?"

सगळ्यांना ते पटलं. आईनं गोणपाट दुमडलं, आत चिंध्या कोंबल्या आणि उशीएवढी जाड गादी शिवून सुतळीनं सीटवर आवळून बांधली. वरून थोपटून बघितली.

"बघा बरं. राजाला नसेल असली."

चढायचीच पंचाईत होती. दांडीची सायकल, त्यात मागं डबे. पाय मागून फिरवला की कंबरेत विंचू चावायचा. बाबांनी सायकल रस्त्याकडेच्या एका मोठ्या दगडाशी नेली, दगडावर चढले, सायकल आपल्याकडे झुकवली आणि पाय दांडीवरून पुढून टाकला. तिथं टवाळ पोरं बसलेली असायची.

"आजोबा घोड्यावर बसले रे!"

"घोडा नाही, बोहलं आहे ते. गादी बघ की!"

बाबांनी मान वळवली नाही. वळवता येतही नव्हती.

त्या दिवशी ते वेळेवर पोचले. खाणावळीत भांडी घासणारी मावशी होती. बाबांची अवस्था बघून तिनं डबे आकड्यांत चढवायला हात दिला. खरकटं घरी आलं. पण उतरल्यावर बाबा कुंपणाला धरून उभेच राहिले, बराच वेळ. घाम हनुवटीवरून ठिबकत होता.

"दुखलं?"

"गादी कमी पडली," बाबा म्हणाले. "आणखी थोडी जाड कर."

आईनं चिंध्या वाढवल्या. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं. आईनं आणखी वाढवल्या. रोज संध्याकाळी कळ वाढायची आणि रोज सकाळी गादी वाढायची. घरातल्या सगळ्या चिंध्या संपल्या तेव्हा आईनं आपलं एक लुगडं फाडलं. आता बाबा सायकलवर बसले की दुरून उंटावर बसल्यासारखे दिसायचे, आणि पायडलला पाय पोचवण्यासाठी बोटं बैलाच्या शेपटीसारखी लांब करायचे.

आणि गादी भिजायची. खड्ड्यात चाक गेलं की झाकणाच्या फटीतून खरकट्याचं पाणी उडायचं ते थेट गादीवर. त्यात बाबांचा घाम. गोणपाट सगळं पिऊन घ्यायचं. वरून उन्हानं सुकायचं, आतून ओलंच. गादी धुवायचं काम नाकमुरडीकडे आलं. ती काठीनं गादी उचलायची, काठीनंच बादलीत बुडवायची आणि काठीनंच कुंपणावर टाकायची.

"हातानं चोळ," आई ओरडायची. "काठीनं काय निघतंय?"

"माझा हात निघेल."

शाळेला सुट्टी लागली होती. एका सकाळी तिनं नेहमीसारखी सुतळी सोडली आणि काठीनं गादी पालथी केली. खालच्या बाजूला शिवण उसवली होती. फटीत भाताची शितं दिसली. नाकमुरडीच्या मनात आलं, भात इतक्या आत कसा गेला? मग शितं हलली.

ती किंचाळली ती कालव्यापलीकडे ऐकू गेली असेल. काठीसकट गादी तिनं अशी भिरकावली की ती कुंपणावरून गोठ्यात जाऊन पडली. डुकरांना वाटलं आज लवकर आलं. मोठ्या डुकरिणीनं एका झटक्यात गोणपाट फाडलं. आईच्या लुगड्याची पट्टी दोन पिल्लांनी दोन टोकांनी ओढली. अळ्यांसकट, घामासकट, सगळं गेलं.

बाबा दारात उभे होते.

"काय केलंस हे?" ते ओरडले नाहीत. ओरडले की कंबरेत कळ यायची. "आता बसू कशावर? तुझ्या डोक्यावर?"

"त्यात किडे होते बाबा."

"होते तर होते! माझ्या अंगाखाली होते ना? तुझ्या तर नव्हते?"

एवढे दिवस बाबा त्या वळवळीवर बसून येत-जात होते. तिला त्यांच्याकडे बघवेना, आणि तिला हेही कळेना की किळस येतेय ती कुणाची.

आई मधे पडली. "भांडणात दुपार होईल. सीट आहे ना खाली? तशीच दामटा. आणि तू जा गं बाबांच्या मागं. वाटेत आडवे झाले तर कळवायला तरी कुणी हवं."

बाबा दगडावरून चढले. बूड दगडासारख्या सीटवर टेकलं तसे शिवी हासडून निघाले. नाकमुरडी मागून पळत होती. एरवी तिला पळावं लागायचं नाही, बाबा दर थोड्या अंतरावर कण्हत थांबायचे. आज थांबेनात.

कालव्याच्या पुलावर ते उतरले. ती धापा टाकत पोचली.

"आज कळ कमी आहे," बाबा म्हणाले, जरा संशयानं. "वारा मागून असेल."

"वारा कुठाय? पान हलत नाही."

"मग उतार असेल."

"उतार तोच आहे, कालचा." नाकमुरडी सायकलीभोवती फिरली. "बाबा, काल तुमच्या शर्टाची शेपटी झाडूसारखी फिरत होती. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. आज सरळ आहे."

"शेपटीचा आणि कंबरेचा काय संबंध?"

"तुम्ही पाय पोचवायला कलत होतात. पायडल खाली गेलं की त्या बाजूला सगळं अंग खाली. मग दुसऱ्या बाजूला. कंबर मोडलेल्या माणसानं दिवसभर तसं नाचायचं का?"

बाबांनी पुलाच्या कठड्याला टेकून हे ऐकलं. मग सीटकडे बघितलं. मग पायांकडे.

"म्हणजे गादीनंच केलं म्हणतेस?"

"गादीनं उंच केलं. अजूनही तुमची टाच अधांतरीच आहे. सीट आणखी खाली घ्यायला हवी. आणि तुम्ही हँडलवर असे पडलेले असता." तिनं पाठ वाकवून, मान वर काढून दाखवलं. "कासवासारखे. बाई म्हणाल्या होत्या, पाठ ताणायची नाही."

"असं कधी म्हणाल्या?"

"तुम्ही 'ऐकतोय की' म्हणालात तेव्हा."

बाबांना हसू आलं, आणि हसू कंबरेत टोचलं म्हणून त्यांनी ते अर्ध्यावर गिळलं.

रस्त्याला लागताच सायकल दुरुस्तीवाला होता. तो चाकाचा बाक काढत बसला होता. बाबांनी सीट खाली आणि हँडल वर करायला सांगितलं तसं त्यानं पान्हा खाली ठेवला.

"सीट खाली, हँडल वर? मग पुढं टोपली पण लावू? आणि गुलाबी रंग मारू का बायकांसारखा?"

त्याच्या दुकानात बसलेले दोघे खिदळले. बाबांचे कान लाल झाले. "राहू दे, राहू दे," म्हणत त्यांनी सायकल वळवलीसुद्धा. पण नाकमुरडीनं मागून कॅरियर धरलं.

"काका, पान्हा द्या. मी करते."

"तू करणार? सगळं गंजलंय ते."

"मग तुम्ही करा. दुखतंय ते बाबांचं. तुम्ही हसलात म्हणून ते काही तुमच्याकडं यायचं नाही."

दुरुस्तीवाल्यानं पान्हा पुन्हा उचलला. मग त्यानं सांध्यांवर रॉकेल ओतलं आणि हातोडीचे घाव घातले. पायडल पार खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उतरवली. हँडलची मान गंजून बसली होती. ती शेवटी किंकाळी फोडून वर आली. तोंड घट्ट मिटून त्यानं चाकांतली थोडी हवाही सोडली. "टणक चाक खड्डा थेट कंबरेला कळवतं," एवढं पुटपुटला, आणि डब्यांच्या वासानं वैतागून म्हणाला, "न्या आता हे लवकर."

बाबा बसले. टाच टेकली, पाठ उभी राहिली, हात सैल पडले. ते एखाद्या तपासणीला निघालेल्या साहेबासारखे दिसत होते. लोक हसले. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र असं काही होतं की जणू कुणी त्यांच्या पाठीतून खिळा उपटून काढलाय. खड्डा आला की ते पायांवर भार देऊन अंगुळभर उठायचे आणि पुन्हा टेकायचे. नाकमुरडी कॅरियरवर, रिकाम्या डब्यांच्या मधोमध, गुडघे आवळून बसली होती. डबे तिच्या दोन्ही मांड्यांना चिकटत होते. ती तोंडानं श्वास घेत होती.

पण दुरुस्तीत वेळ गेला होता.

खाणावळीच्या मागच्या अंगणात टेम्पो उभा होता. टेम्पोवाला टेकून दात कोरत होता. मोरीत मावशी शेवटची भांडी घासत होती, नळ सुरू होता. भिंतीशी दोन भरलेले डबे वाफाळत होते, बाबांचेच, काल रिकामे ठेवून गेलेले.

"आलास?" खिडकीतून आचारी म्हणाला. त्याच्या पोटावरचा पंचा मूळचा कुठल्या रंगाचा होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. "उचल मग."

मावशी हात पुसत उठली.

"तू कुठं चाललीस?" आचारी तिच्यावर डाफरला. "तुझं काम भांडी. ज्याचं खरकटं त्यानं उचलावं."

"अहो, त्याची कंबर..."

"कंबर गेलेल्या माणसानं धंदा सोडावा. सायकल वेळेवर आली, मान्य. पण नळ बंद होईपर्यंत अंगण मोकळं झालं पाहिजे. नाही तर हा उभाच आहे."

टेम्पोवाल्यानं दातातून काढलेलं काहीतरी बोटावर घेऊन पाहिलं आणि पुन्हा तोंडात टाकलं. खाणावळीतले दोघेतिघे गिऱ्हाईक बशा घेऊन दारात आले. डोंबाऱ्याचा खेळ बघायला यावं तसे.

बाबा डब्याकडे गेले. गुडघे फाकवून उभे राहिले. तोंड मिटलं. हात खाली जाऊ लागले आणि नाकमुरडीला त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली दिसली.

"बाबा, वाकू नका!"

"गप बस."

"वाकू नका म्हणते ना! सायकल धरा नुसती. घट्ट धरा." ती मावशीकडे वळली. "मावशी, टमरेल आहे का?"

मावशीनं मोरीतलं टमरेल तिच्या हातात दिलं. नाकमुरडीनं भरलेल्या डब्याचं झाकण काढलं. वाफ तोंडावर आली. तिनं टमरेल बुडवलं, भरलं आणि सायकलवर लटकलेल्या रिकाम्या डब्यात ओतलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा ओतलं. उचलायचं काहीच नव्हतं. रिकामा डबा आधीच आकड्यात होता.

"अगं बाई," मावशी हळूच म्हणाली. "इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नाही."

बाबा सायकल धरून उभे होते. त्यांचा खालचा ओठ हलत होता. पोर ज्याला आयुष्यात बोट लावत नव्हती ते तिच्या कोपरावरून ओघळत होतं.

"नळ बंद होत आला हो," आचारी गात म्हणाला.

एक डबा झाला. दुसऱ्याच्या अर्ध्यावर टमरेल हातातून निसटलं आणि आत बुडालं. नाकमुरडी क्षणभर उभी राहिली. मग तिनं बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात आत घातला. खरकटं आतून कोमट होतं. अंगाला ताप असावा तसं. गाल डब्याच्या काठाला टेकला तेव्हा कुठं बोटांना टमरेल लागलं. तिनं ते वर काढलं आणि त्याच दमात भडाभडा ओकली. डब्यातच ओकली.

"ए, इथं ओकू नकोस!" आचाऱ्यानं पंचा नाकाला लावला. "आत गिऱ्हाइकं जेवतायत!"

"हे सगळं त्यांचंच आहे, काका," नाकमुरडी म्हणाली आणि पालथ्या हातानं तोंड पुसलं.

दारातल्या एकानं बशी खाली ठेवली.

"चालेल," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "तेवढंच डुकरांना जास्त."

ती हसली. नाकातून हसली, कारण तोंड उघडायची सोय नव्हती. आणि पुन्हा टमरेल बुडवलं. मोरीत मावशीनं घासून ठेवलेलं एक पातेलं गुपचूप परत ओढलं आणि ते नव्यानं घासायला घेतलं. फार तळ लागला होता म्हणे त्याला.

नळ बंद झाला तेव्हा जमिनीवरच्या डब्यात वाडगाभर उरलं होतं. ते नाकमुरडीनं डबा कलता करून ओतून टाकलं. रिकामे डबे भिंतीशी सरकवले. अंगण मोकळं झालं.

टेम्पोवाला टेम्पोत बसला. इंजिन खोकलं, धूर सोडून गेलं. आचारी अजून खिडकीत उभा होता. त्यानं गल्ल्याजवळचं एक ताट उचललं आणि खिडकीतून मोकळ्या अंगणात उपडं केलं. भात, हाडं, विझवलेली सिगारेटची थोटकं आणि एका फुटलेल्या पेल्याच्या काचा चिखलात पसरल्या.

"हे राहिलं," तो म्हणाला.

बाबा सायकलीचा स्टँड लावायला गेले. पण नाकमुरडी आधीच उकिडवी बसली होती. तिनं चिखलातून भात वेचला, हाडं वेचली, ती डब्यात टाकली. काचा आणि थोटकं मात्र डाव्या तळहातावर गोळा केली. एकही ठेवली नाही. उठून खिडकीपाशी गेली. काठावर आचाऱ्याचा चहा ठेवलेला होता. त्याच्या शेजारी तिनं तो सगळा ढीग नीट मांडला.

"हे डुकरं खात नाहीत, काका."

मग ती मोरीकडे गेली, बंद केलेला नळ पुन्हा सोडला आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत धुऊ लागली. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या आतून. मावशीनं साबणाचा तुकडा पुढं सरकवला. पाणी वाहत राहिलं, आणि नळ बंद कर असं तिला कुणीही म्हणालं नाही.